हिशेबाने ५४ फरश्या लागायच्या, आणल्या ६०, तरी कमी!

जुनी_खिडकी

मंडळी, घराचं काम काढलंय. तिसरा आठवडा चालू आहे. आत्ता हॉलमध्ये सिमेंटच्या गोणीवर बसून टंकतेय, कारण बसण्यासारखं दुसरं काही घरात उरलेलं नाही. सोफा उभा करून बेडरूममध्ये कोंबलाय आणि बेडरूममधलं कपाट स्वयंपाकघराच्या दारात अडकून बसलंय.

प्रश्न फरशीचा आहे. हॉल १२ फूट बाय १८ फूट, म्हणजे २१६ चौरस फूट. फरशी दोन बाय दोनची, म्हणजे एकीचे ४ चौरस फूट. २१६ भागिले ४, झाल्या ५४. वर दहा टक्के तूटफूट धरा, असं दुकानदारही म्हणाले. म्हणून ६० घेतल्या. खोक्यात चार येतात, १५ खोकी. स्वतःच्या गणितावर मी जाम खूश होते.

आज दुपारी मिस्त्री म्हणाले, "ताई, दहा कमी पडतायत." मला आधी वाटलं, फोडल्या असणार. मोजल्या. मधल्या ४० बसल्यात, २० भिंतीला टेकवून उभ्या आहेत, एकही फुटलेली नाही. कडेला मात्र ३० लागतील म्हणे.

दुकानात फोन केला. फरशी तीच आहे, पण लॉट नवीन. एक नमुना आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब. घरी खिडकीच्या उजेडात जुनीशेजारी ठेवली तर जुनी पांढुरकी आणि नवीला पिवळट झाक. आता काय करू? आणि माझं गणित नेमकं कुठे चुकलं? अजून बाथरूम, वायरिंग, रंग सगळंच आणायचंय. या वेगाने गेले तर दिवाळं निघेल.

आगाऊ

गणित बरोबर आहे, हॉल चुकलाय. ह.घ्या. (हलके घ्या)

सोनचाफा

मिस्त्रींनी आधी मोजून सांगायला नको होतं का? त्यांचंच काम आहे ना ते?

जुनी_खिडकी

@सोनचाफा, फरशी घेतली तेव्हा मिस्त्री ठरलेलेच नव्हते. दुकानात सूट चालू होती आणि मला घाई. त्यामुळे त्यांच्यावर खापर फोडता येणार नाही.

पाणसळ

गणितात दोन चुका आहेत. एक बारकी, एक मोठी.

बारकी आधी. "दोन बाय दोन" हे फक्त बोलण्यातलं माप. प्रत्यक्षात फरशी ६०० मिमी बाय ६०० मिमी असते आणि दोन फूट म्हणजे साधारण ६१० मिमी. त्यामुळे एका फरशीचे ४ नव्हे, ३.८७५ चौरस फूट भरतात. चार फरश्यांच्या खोक्याला लोक १६ चौरस फूट धरतात, निघतात साडेपंधरा. तुमच्या खोक्यावर बघा, १.४४ चौरस मीटर असं छापलेलं असेल.

मोठी चूक ही की फरशी क्षेत्रफळाने लागत नाही, ओळींनी लागते. १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी. दोन फरश्यांमध्ये फट राखणारा २ मिमीचा स्पेसर धरला तर एक फरशी ६०२ मिमी जागा खाते. सहा फरश्या बसून ४६ मिमी उरतात, जेमतेम दोन इंच. एका भिंतीपासून लावायला सुरुवात केली तर समोरच्या भिंतीला दोन इंचांची चिंधी लावावी लागते. चांगला कारागीर ते करत नाही. तो खोलीच्या मध्यावर दोरा मारतो, मधे पाच पूर्ण फरश्या बसवतो आणि दोन्ही कडांना सारखे तुकडे देतो. तुमच्याकडे तो तुकडा ३२४ मिमीच्या आसपास येतो. दुसऱ्या बाजूने हिशेब केला तर आठ पूर्ण आणि दोन टोकांना ३३५ मिमीचे तुकडे.

आता यातली गोम बघा. तुकडा ३०० च्या आत असता तर एका फरशीतून दोन निघाले असते. ३२४ चा एकच निघतो. म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक अख्खी फरशी. आडव्या ओळीत ७, अशा ओळी १०, एकूण ७०. मिस्त्री बरोबर सांगतायत.

जुनी_खिडकी

बाप रे. म्हणजे खोली दोन-चार इंच लहान असती तर...

पाणसळ

दोन्ही बाजूंनी दोन-चार इंच लहान असती तर तुकडे ३०० च्या आत आले असते आणि तुमच्या साठात काम झालं असतं. म्हणून मी लोकांना सांगतो, चौकटीच्या वहीत खोलीचा नकाशा काढा, दारं दाखवा आणि फरश्या एकेक करून मोजा. अर्धा तास जातो. दहा टक्क्यांचा नियम मोठ्या खोलीला चालतो. छोट्या खोलीला आणि मोठ्या फरशीला तो हमखास दगा देतो.

अर्धा_इंच

पाणसळ यांना एक विचारतो. कडेची दोन इंचांची पट्टी सोफ्यामागे गेली असती तर कोणाला दिसणार होती? भिंतीपासून सुरुवात केली असती तर ५४ पूर्ण आणि पट्ट्यांना दोन-तीन फरश्या, म्हणजे ५७ मध्ये आटपलं असतं. कारागिराच्या हौसेपायी दहा फरश्या गेल्या, असंही म्हणता येईल.

पाणसळ

म्हणता येईल. पण भिंती काटकोनात असतात असं तुम्ही गृहीत धरताय. जुन्या घरात गुण्या लावून बघा. अठरा फुटांत भिंत इंचभर सरकलेली असतेच. ३२४ चा तुकडा दुसऱ्या टोकाला ३०० झाला तर डोळ्यांना कळत नाही. दोन इंचांची पट्टी दुसऱ्या टोकाला एक इंच झाली की आयुष्यभर तेवढंच दिसतं. शिवाय इतकी अरुंद पट्टी कापताना फुटते ती वेगळीच.

एवढं मात्र खरं की कापण्याआधी मालकाला विचारायला हवं होतं. ४० बसल्यावर आता तो पर्यायच राहिला नाही.

मधली_सुट्टी

लॉटबद्दल थोडं. फरशी भट्टीत भाजली जाते आणि प्रत्येक भाजणीत रंग किंचित इकडेतिकडे होतो. मापही होतं. म्हणून खोक्यावर दोन आकडे असतात, एक शेडचा आणि एक मापाच्या प्रतीचा, त्याला कॅलिबर म्हणतात. दोन्ही जुळले तरच फरशी शेजारी बसते. नुसती शेड जुळून कॅलिबर वेगळा निघाला तर सांधे सरळ येत नाहीत, चार ओळींनंतर दोरा सोडून पळतात. माल उतरवताना प्रत्येक खोक्यावरचे हे आकडे वाचायचे. माझ्या १२ खोक्यांत २ वेगळ्या शेडची निघाली होती, टेम्पो दारात असतानाच परत पाठवली. बसवल्यावर कोणी घेत नाही.

सोनचाफा

उपाय म्हणून सांगते, कडेने वेगळ्या रंगाची बॉर्डर घ्या ना. गडद राखाडी वगैरे. मुद्दाम केल्यासारखी दिसेल.

अर्धा_इंच

कडेची अख्खी ओळ वेगळी करायची तर तीस नव्या आणाव्या लागतील आणि भिंतीला टेकवलेल्या वीस वाया जातील. त्यापेक्षा नव्या लॉटच्या दहा एका भिंतीलगत लावा, सोफा येईल तिथे.

निवांत

ताई, स्कर्टिंगचं काय केलंत? हॉलच्या भिंतींना खाली चार इंचांची पट्टी लागेल ना? ती कशातून काढणार आहात?

जुनी_खिडकी

त्यासाठी वेगळी दोन खोकी घेतलीत. घेर ६० फूट, दोन-दोन फुटांच्या ३० पट्ट्या. एका फरशीतून ब्लेडची घट धरून ५ निघतात, म्हणून ६ फरश्या, म्हणजे दोन खोकी. ती गॅलरीत आहेत, अजून उघडलेली नाहीत. का हो?

निवांत

एकाच दिवशी घेतली? शेड नंबर बघून या जरा.

जुनी_खिडकी

बघून आले. दोन्ही नंबर तेच!!!

निवांत

मग स्कर्टिंगची खोकी जमिनीला वापरा. स्कर्टिंग तुकड्यांतून काढा. कडेच्या प्रत्येक फरशीतून ३२४ मिमी कापल्यावर दुसऱ्या बाजूला पावणेअकरा इंच रुंद आणि दोन फूट लांब पट्टा उरतो. त्यातून चार इंचांची स्कर्टिंग आरामात निघते. कडेच्या फरश्या ३०, म्हणजे पट्टे ३०, लांबी ६० फूट. तुमचा घेर ६० फूट आणि त्यातून दारं वजा.

शिवाय या पट्ट्याची एक कड कारखान्यातली आहे, ती वर ठेवायची. कापलेली कड खाली जाते, तिथे ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, भरला की दिसत नाही. ग्राइंडरने घासत बसायला नको.

पाणसळ

निवांत, दंडवत. हे मला सुचायला हवं होतं.

२० अधिक ८, २८ झाल्या. लागतात ३०. राहिल्या दोन. हॉलमध्ये कायमचं बसवलेलं काही येणार आहे का? भिंतीतलं कपाट, टीव्हीचं युनिट, जमिनीला टेकणारं?

जुनी_खिडकी

पुस्तकांचं कपाट येणार आहे, पाच फूट लांब, खाली पेटी असलेलं. त्याच्याखाली तर दोन फरश्या सहज झाकल्या जातील. मी आत्ता या क्षणी गोणीवर उड्या मारायच्या बेतात आहे.

मधली_सुट्टी

विरजण घालतोय, माफ करा. पण मग हाताशी एकही फरशी शिल्लक राहत नाही. उद्या काही जड पडून एखादी तडकली तर? माझ्या मते खोकंभर फरशी माळ्यावर असायलाच हवी.

अर्धा_इंच

+१. त्या लॉटचं एखादं सुटं खोकं दुकानाच्या गोदामात पडलेलं असू शकतं. कोणी परत केलेलं असतं, नमुन्याला उघडलेलं असतं. फोनवर "नाही" म्हणतात, प्रत्यक्ष जाऊन शेड नंबरचा फोटो दाखवला की शोधतात. आणि मिस्त्रींना सांगून ठेवा, कापताना ब्लेडवर पाणी सोडा आणि घाई नको. आता एकही फुटून चालणार नाही.

आगाऊ

माझ्या पोटावर पाय आला. मी पुढच्या प्रतिसादात अगदी हेच सुचवणार होतो.

निवांत

खरेदीचा विषय निघालाच आहे तर माझी कर्मकहाणी ऐका. मीही दुकानातल्या सवलतीला भुलून बाथरूमचं काम सुरू व्हायच्या आधी कमोड घेतला. खाली निघणाऱ्या पाइपचा, म्हणजे एस ट्रॅपचा. त्याला मागच्या भिंतीपासून ड्रेनेजच्या भोकाच्या मध्यापर्यंत ३०० मिमी अंतर लागत होतं. मी टेप लावून मोजलं, बरोबर ३००. फक्त मोजलं ते उघड्या विटांपासून. नंतर भिंतीवर गिलावा आला, त्यावर ॲढेसिव्ह, त्यावर टाइल. भिंत ३५ मिमी पुढे सरकली. कमोड भोकावर ठेवला तर टाकी भिंतीत शिरते! प्लंबर बराच वेळ कमोडकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

शेवटी दुसरा कमोड घेतला. पहिला गच्चीत आहे. त्यात कोरफड फार छान आलीये.

सोनचाफा

कोरफड!! 😂

जुनी_खिडकी

हसू नका गं, मी परवाच एक कमोड बघून ठेवलाय. आता पैसे भरायच्या आधी टेप घेऊन बसते. बाथरूमचं अजून काय काय बघायचं? प्लंबरने चिठ्ठी दिलीये. त्यावर लिहिलंय, "पाइप ५, एल्बो २०, टी ६, सोल्युशन १, किरकोळ."

पाणसळ

ही चिठ्ठी घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार जे देईल तेच प्लंबरला हवं होतं असं म्हणावं लागेल. कसला पाइप, किती व्यासाचा, गरम पाण्याचा की गार? गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, तो ९३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. साधा यूपीव्हीसी गरम पाण्यावर मऊ पडतो. दोन्हींचं सोल्युशनही, म्हणजे पाइप जोडायचा डिंक, वेगळं, एकाचं दुसऱ्याला लावलं की सांधा आज धरतो आणि भिंत बंद झाल्यावर सुटतो. जिथे नळ किंवा शॉवर फिरवून बसणार तिथे आत पितळी आटे असलेले एल्बो घ्या, नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांत पितळी नळ आवळला की तडा जातो.

"किरकोळ" या शब्दापाशी थांबा. माझ्या अनुभवात अर्ध्या खेपा या किरकोळनेच होतात. टेफ्लॉन टेप, क्लॅम्प, रावळप्लग, डमी, जाळी, करवतीचं पातं. प्लंबरला समोर बसवून एकेक वस्तू लिहून घ्या. डमी विसरू नका. भिंत बंद करायच्या आधी सगळी तोंडं डमी लावून बंद करायची आणि पाण्याचा दाब देऊन रात्रभर ठेवायचं. टाइल लागल्यावर गळती शोधण्याइतकं दुःख नाही.

मधली_सुट्टी

टाइलच्या ॲढेसिव्हबद्दल: हॉलची फरशी विट्रिफाइड असेल तर ती पाणी पीतच नाही म्हणा, अर्धा टक्क्याच्या आत. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीला ती घट्ट धरत नाही, काही महिन्यांनी पोकळ वाजायला लागते. पॉलिमर असलेलं ॲढेसिव्ह लागतं, तेही दात्यांच्या थापीने ओढून. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दाबली की मध्ये पोकळी राहते. बाथरूमच्या भिंतीच्या सिरॅमिक टाइल उलट, त्या दहा टक्क्यांच्या वर पाणी शोषतात. सिमेंटवर लावणार असाल तर आधी भिजत घालायच्या. ॲढेसिव्हवर लावणार असाल तर भिजवायच्या नाहीत. आमच्याकडे दोन्ही केलं होतं. वर्षभरात तीन टाइल सुटल्या.

सोनचाफा

रंगाचं मी सांगते, तेवढंच मला येतं. रंगपट्टीवरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नका. छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारा. वाळल्यावर सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा. एकाच भिंतीला दोन-तीन डबे लागणार असतील तर सगळे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, मशीनवर केलेल्या दोन डब्यांतही फरक येतो. आणि गिलावा नवा असेल तर चार आठवडे तरी वाळू द्या. आम्ही दहाव्या दिवशी रंग दिला, पावणेदोन महिन्यांत पोपडे.

अर्धा_इंच

बिजागऱ्या आणि बाथरूमचे रॉड घेताना लोहचुंबक घेऊन जातात काहीजण. चिकटला नाही की "चांगलं स्टील" म्हणून घेतात. स्टीलच्या २०२ आणि ३०४ या दोन्ही ग्रेड चुंबकाला जवळजवळ चिकटत नाहीत, पण ओल्या जागेत २०२ लवकर गंजतं. वस्तूवर किंवा बिलावर ग्रेड लिहून घ्या.

बाकी वायरिंगचं सामान इलेक्ट्रिशियनकडून लिहूनच आणा. साधारणपणे दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि गिझरसारख्याला ४ चौरस मिमीची वायर जाते, पण तुमच्या घरचा भार त्याने मोजायला हवा. माणसांच्या सुरक्षेसाठी ३० मिलिअँपिअरचा विजेची गळती ओळखणारा ब्रेकर असतो, तो टाळून पैसे वाचवू नका.

जुनी_खिडकी

चार दिवसांनी येतेय. आधी हॉलची बातमी.

मिस्त्रींना तुमचा स्कर्टिंगचा हिशेब सांगितला. ते पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले, कारखान्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे मी सांगणारच होतो." (@आगाऊ, तुमचे नातेवाईक का?) दोन दिवस त्यांनी पाण्यावर कापकाम केलं. एक फरशी कोपऱ्यात टवकली, पण नशीब, टवका कापून जाणाऱ्या भागातच होता. २८ च्या २८ लागल्या. दोन पिवळट फरश्या कपाटाच्या जागी गेल्या. मी रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहते आणि मला रोज त्या दिसतात. कपाट यायला तीन आठवडे आहेत.

दुकानात मी स्वतः गेले, शेड नंबरचा फोटो दाखवला. मुलाने गोदामात अर्धा तास शोधून एक फुटकं खोकं आणलं. आत तीन शाबूत निघाल्या. शेड तीच, कॅलिबर तोच. तिन्ही माळ्यावर गेल्यात, जुन्या चादरीत गुंडाळून.

पाणसळ

तीन मिळाल्या होत्या तर त्या कपाटाखाली लावून पिवळट दोन माळ्यावर...

जुनी_खिडकी

माहीत आहे. त्या मिळाल्या तोवर ॲढेसिव्ह वाळलं होतं. पुढे बोलू नका.

कमोड मोजला. मी बघून ठेवलेला बसत नव्हता, दुसरा घेतला. निवांत काका, तुमचे आभार, आमच्याकडे गच्चीही नाही.

उद्या ग्राउट आणायचाय. रंगपट्टीवर राखाडीच्या सात छटा आहेत आणि मला सातही सारख्या दिसतायत. मिस्त्री म्हणतात पांढरा घ्या.

मधली_सुट्टी

जमिनीला पांढरा नको, महिन्याभरात काळवंडतो. फरशीपेक्षा एक छटा गडद घ्या. सिमेंटचा ग्राउट ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो, म्हणून आधी दोन तुकड्यांच्या सांध्यात भरून वाळवून बघा. तुकडे तर तुमच्याकडे ढीगभर असतील.

जुनी_खिडकी

तुकडे आहेत, तीस पट्टे कापून उरलेले. बाकीच्या शंकांना नवा धागा काढू की इथेच विचारू?

आगाऊ

इथेच विचारा. ग्राउट किती किलो लागेल ते मोजलंत का?